बॅरिअ‍ॅट्रिक म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या आधी सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावायचाय, पण मास्क सहनच होत नाही, रात्री दोनला आपोआप निघालेला असतो. कुणाला अनुभव आहे का?

कोरेगावच्या_बाई (२ एप्रिल, रात्री ११:४०)

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं मोठं होईल.

माझं वय ४३, उंची १५६ सेंटिमीटर, वजन १०९ किलो, बीएमआय ४४.८ येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सहा वर्षं शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, गुडघ्यांचं तर विचारूच नका. डाएट, चालणं, काढे, सगळं करून झालंय, दहा किलो कमी होतात आणि बारा परत येतात. शेवटी पुण्यात दाखवलं आणि स्लीव्ह म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन करायचं ठरलं, तेही मे महिन्याच्या सुट्टीत म्हणजे रजा टाकायला नको, जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत मी हिंडतीफिरती होईन असा हिशोब होता.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांमध्ये स्लीप स्टडी सांगितली. मी घोरते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण घोरण्याचं कुणी मनावर घेतं का? रिपोर्ट आला तर एएचआय ५२, म्हणजे झोपेत तासाला बावन्न वेळा श्वास अडकतो किंवा अर्धवट होतो आणि ऑक्सिजन एकदा ७१ पर्यंत खाली गेलेला. डॉक्टर म्हणाले आधी चार आठवडे सीपॅप लावा, रोज कमीत कमी चार तास, मशीनमधलं कार्ड घेऊन या, मग तारीख देऊ. आधी मिळालेली तारीख रद्द केली.

आता खरी अडचण. सप्लायरकडचा मुलगा घरी आला, पंधरा मिनिटांत मशीन लावून दाखवलं, फुल फेस मास्क दिला, पट्टे घट्ट ओढले आणि गेला. पहिल्या रात्री मशीन सुरू केल्यावर दोन मिनिटांत मला वाटलं कुणीतरी तोंड दाबून धरलंय, काढूनच टाकला. आता अकरा दिवस झाले. रोज लावते, कशीबशी झोप लागते आणि रात्री दोन-अडीचला जाग येते तेव्हा मास्क उशीशेजारी पडलेला आणि मशीन फुसफुसत असतं, मी कधी काढला ते आठवतही नाही. नाकाच्या हाडावर जखम झालीय, हवा वरून निसटून डोळ्यांत जाते, सकाळी डोळे लाल. पोट फुग्यासारखं तट्ट, शाळेत पहिल्या तासाला ढेकर येत राहतात. गालांवर पट्ट्यांचे वळ असतात, परवा दुसरीतली एक मुलगी जवळ येऊन गालाला हात लावून विचारते, "बाई, लागलं का तुम्हाला?" मी वर्गातून बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

कार्डवर सरासरी येतेय १ तास ५० मिनिटं. मे हातातून जाणार असं दिसतंय.

माझे प्रश्न असे की मास्क बदलला तर फरक पडतो का, लाईट गेली तर मास्कमध्ये गुदमरायला होईल का (आमच्याकडे रात्री लाईट जाते), ऑपरेशन झाल्यावर ही हवा पोटात जाऊन टाके सुटणार नाहीत ना, आणि हे जन्मभर लावायचं का. एका ओळखीच्यांनी सांगितलं की मशीनची अट न घालता लगेच ऑपरेशन करणारे पण आहेत, तिकडे जा. जाऊ का? खरं सांगा, मी थकलेय.

---

वस्त्रनगरी_७९ (३ एप्रिल, सकाळी ६:१५)

ताई, पहिलं म्हणजे दुसरीकडं जायचा विचार डोक्यातनं काढा. मी इचलकरंजीचा, माझं २०२२ ला पोटाचं (वजनासाठीचं) बायपास झालं, तेव्हा वजन १३८ होतं आणि एएचआय ६४. तुम्ही लिहिलंय ते वाचताना मला माझेच ते दिवस आठवले, मी तर वीस दिवस मशीन खोक्यातनं बाहेरच काढलं नव्हतं आणि डॉक्टरांना सांगायचो लावतोय म्हणून. त्यांनी कार्ड घातलं, स्क्रीन माझ्याकडं वळवली, सगळ्या रात्री कोऱ्या. ओरडले नाहीत, फक्त म्हणाले टेबलवर मी तुम्हाला असं घेऊ शकत नाही.

मला ज्यानं जमलं ते सांगतो. तिथल्या एका सिस्टरनी सांगितलं होतं की झोपताना पहिल्यांदा लावायचाच नाही. आधी दिवसा, जागेपणी, बसून. पहिले दोन दिवस मास्क नुसता हातानं तोंडावर धरायचा, पट्टे नाहीत, मशीन नाही, पाहिजे तेव्हा बाजूला करता येतो हे हाताला कळलं पाहिजे. मग पट्टे लावून टीव्ही बघत बसायचं, अर्धा तास. मग नळी जोडून मशीन चालू करून परत टीव्हीसमोरच. मी क्रिकेटची मॅच लावून बसायचो, बायको समोर भाजी निवडत असायची, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मॅच बघता बघता तिथंच खुर्चीत डोळा लागला, दीड तास, मास्कसकट. त्या दिवशी मला कळलं की जमणार आहे. त्यानंतर दुपारची झोप मास्क लावून, आणि मग रात्र. घाई केली की मन घाबरतं ओ, आणि एकदा घाबरलं की मास्क नुसता दिसला तरी छाती धडधडते.

आणि मास्क लावल्यावर तोंडानं मोठमोठे श्वास ओढायचे नाहीत. मशीनशी भांडण करायचं नाही, श्वास सोडताना सावकाश सोडायचा.

इन्शुरन्स असेल तर अजून एक. स्लीप स्टडीचा तो रिपोर्ट जपून ठेवा, झेरॉक्स काढा. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या) नियमात बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ च्या वर आणि सोबत काही गंभीर आजार असा निकष आहे आणि त्या आजारांच्या यादीत तुमचा झोपेत श्वास अडकायचा आजार म्हणजे गंभीर स्लीप अ‍ॅप्निया नावासकट आहे, हार्टचा आजार आणि कंट्रोलमध्ये नसलेली शुगर पण आहे. तुमचा बीएमआय ४४ आहे म्हणजे तसंही बसताय, पण कागद जेवढे भक्कम तेवढी टीपीएची (क्लेम तपासणाऱ्या कंपनीची) पत्रापत्री कमी. तुमच्या पॉलिसीचा वेटिंग पिरियड मात्र आधी वाचून घ्या.

---

झोपेचा_टेक्निशियन (३ एप्रिल, दुपारी १:०५)

ताई, मी ठाण्यात स्लीप लॅबमध्ये काम करतो, रोज हेच बघतो, म्हणून सांगतो की तुमची लक्षणं वाचून तुम्ही चुकताय असं मला कुठेच वाटत नाही. मास्क चुकीचा बसवलाय आणि बहुतेक प्रेशर पण तुमच्यासाठी लावलेलं नाहीये. पंधरा मिनिटांत फिटिंग होत नसतं.

पट्टे घट्ट ओढणं ही सगळ्यात कॉमन चूक आहे. मास्कच्या कडेला जे पातळ सिलिकॉन असतं ना ते हवेने फुगून चेहऱ्यावर टेकायला हवं, पट्ट्यांनी दाबून नाही. घट्ट केला की ती कड चुरगळते आणि तिथूनच हवा निसटते, मग माणूस अजून घट्ट करतो, नाकावर जखम होते आणि लीक आहे तसंच राहतं. फिटिंग आडवं झोपून करायचं, मशीन चालू ठेवून, कारण बसल्यावर आणि झोपल्यावर चेहऱ्याचा आकार वेगळा असतो. झोपा, पट्टे सगळे सैल सोडा, मशीन चालू करा, मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून परत टेकवा म्हणजे कड फुगेल, मग दोन्ही बाजूचे पट्टे एकाच वेळी थोडे थोडे ओढा. पट्ट्याखालून दोन बोटं गेली पाहिजेत. आणि साईज! माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना मोठा मास्क दिलेला असतो, चेहरा भरलेला दिसतो म्हणून. मास्कचा साईज वजनावर ठरत नाही, नाकाच्या हाडापासून खालच्या ओठापर्यंतच्या मापावर ठरतो.

मास्क तीन प्रकारचे असतात, नाकपुड्यांना टेकणारे पिलो, फक्त नाकावरचा नेझल आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. फुल फेस सगळ्यांना लागत नाही. घरी एक गोष्ट करून बघा, तोंड बंद करून पाच मिनिटं फक्त नाकाने श्वास घ्या, आडवं पडून. आरामात जमलं तर नेझल मास्क मागा, तो हलका असतो, डोळ्यांसमोर काही येत नाही, चष्मा लावून वाचता येतं, आणि घुसमट वाटणाऱ्यांना बहुतेकदा तोच चालतो. नाक चोंदलेलं असेल तर आधी ईएनटीला दाखवा, पडदा वाकडा असेल किंवा अ‍ॅलर्जी असेल तर त्याचा इलाज आधी, नाहीतर कुठलाच मास्क टिकणार नाही.

आता रात्री दोनचं. स्वप्नं पडतात ती झोप, ज्याला आरईएम म्हणतात, ती पहाटेकडे जास्त येते आणि त्या झोपेत अंगातले स्नायू सैल पडतात, त्यामुळे घसा जास्त बंद होतो. ऑटो मशीन मग प्रेशर वाढवतं, वाढलेल्या प्रेशरला सैल बसलेला मास्क लीक होतो, हवा डोळ्यांत जाते, आणि हात झोपेतच मास्क काढतो. तुम्ही इच्छाशक्ती कमी पडते असं समजू नका.

मला तुमच्या मशीनच्या सेटिंगचा आकडा हवाय. मेन्यूत मिनिमम आणि मॅक्सिमम प्रेशर किती दिसतंय?

---

कोरेगावच्या_बाई (३ एप्रिल, रात्री ९:२०)

दादा, तुमचं वाचून जीव भांड्यात पडला. मिनिमम ४ आणि मॅक्सिमम २० दिसतंय. नाकाने पाच मिनिटं श्वास घेऊन बघितला, जमला. वस्त्रनगरी दादा, आज संध्याकाळी पेपर तपासताना मास्क नुसता गळ्यात अडकवून बसले, मग दहा मिनिटं तोंडाला धरला. पट्टे नव्हते तर भीती वाटली नाही.

---

झोपेचा_टेक्निशियन (३ एप्रिल, रात्री १०:५०)

मला तेच वाटलं होतं. ४ ते २० म्हणजे मशीन कंपनीतून जसं येतं तसंच, तुमच्यासाठी कुणी काही ठरवलेलंच नाही. सुरुवातीला ४ वर तुमच्यासारख्या रुग्णाला हवा पुरत नाही, तोंड दाबल्यासारखं वाटतं ते यामुळेच असू शकतं. आणि रात्री लीकमुळे गोंधळून मशीन वर वर जात असेल तर जास्तीची हवा अन्ननलिकेतून पोटात उतरते, म्हणून सकाळी पोट फुगलेलं. कार्ड घेऊन ज्यांनी स्लीप स्टडी वाचली त्या डॉक्टरांकडे जा, त्यांना सांगा ४ वर गुदमरतं आणि पोटात हवा जाते, ते रिपोर्ट बघून रेंज लहान करून देतील, किंवा लॅबमध्ये एक रात्र झोपवून टायट्रेशन करतील, म्हणजे तुम्हाला किती प्रेशर लागतं ते ठरवतील. प्रेशर स्वतः मेन्यूत शिरून बदलू नका, सप्लायरच्या मुलालाही अंदाजाने बदलू देऊ नका. रॅम्प (सुरुवातीला प्रेशर हळूहळू वाढवणारं) आणि श्वास सोडताना प्रेशर कमी करणारं सेटिंग असतं, ती दोन्ही तुमच्याकडे चालू आहेत का तेवढं विचारा.

तोवर एका कुशीवर झोपा, डोक्याकडची बाजू चार-सहा इंच उंच करा. आणि जखमेवर पट्टी लावायची तर मास्कच्या खालचीच मऊ पट्टी मिळते ती लावा, तेल-व्हॅसलिन नको, सिलिकॉन खराब होतं आणि मास्क घसरतो. मास्कची कड रोज सकाळी साध्या साबणाच्या पाण्याने पुसून वाळवायची, रात्री चेहरा धुऊन मगच लावायचा, चेहऱ्याला क्रीम असलं की कड टिकत नाही.

---

जळगावच्या_वहिनी (४ एप्रिल, दुपारी ३:३०)

बाई, मी रुग्ण नाही, माझ्या मिस्टरांना पाच वर्षं मशीन आहे. मशीन यायच्या आधी मी रात्र रात्र जागी असायचे, घोरणं एकदम थांबायचं ना, तेव्हाच मला जाग यायची, मग मी मनात आकडे मोजायचे, वीस, पंचवीस, एकदा चाळीसपर्यंत मोजले आणि त्यांना गदागदा हलवलं. त्यामुळे तुमचे मिस्टर आता निवांत झोपत असतील तर त्यांनाही विचारा, त्यांचे पण दिवस कसे गेलेत.

लाईटचं सांगते कारण आमच्याकडे उन्हाळ्यात हा रोजचा प्रश्न. लाईट गेली तर गुदमरत नाही. फुल फेस मास्कला एक छोटा पडदा असतो, हवा बंद झाली की तो उघडतो आणि बाहेरची हवा आत येते, नेझल असेल तर तोंड मोकळंच आहे. माणूस अस्वस्थ होऊन जागा होतो एवढंच, पण झोपेचा त्रास आहे तसा परत सुरू होतो म्हणून बॅकअप हवाच. आम्ही इन्व्हर्टरवर लावतो, प्युअर साईन वेव्हवाला घ्या, साधा स्क्वेअर वेव्ह या मशीनला नको. इन्व्हर्टरवर चालवताना पाणी गरम करणारं ह्युमिडिफायर बंद करा, वीज तेच खातं, नुसतं मशीन रात्रभर चालतं.

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर टाका, आमच्या बोअरचं पाणी टाकलं होतं तर महिन्यात टाकीला पांढरा थर बसला. रोजचं उरलेलं पाणी ओतून द्यायचं. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो आणि तोंडावर थेंब येतात, त्यावर मी जुनी सुती साडी फाडून नळीला लांब पिशवीसारखं कव्हर शिवलं, तेव्हापासून थेंब नाहीत, आणि नळी गालाला गार लागत नाही म्हणून ह्यांचीही तक्रार गेली. दोन कव्हरं केलीत, एक धुवायला एक वापरायला.

आणि जुनं मशीन कुणी स्वस्तात देत असेल तर डोळे झाकून घेऊ नका. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सने त्यांची जुनी मशीनं जगभरातून परत बोलावली होती, आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण हवेत जाऊ शकतात म्हणून, त्यातली मशीनं अजूनही कुणाकुणाच्या कपाटात असतील. आमच्याकडे पण एक ओळखीचे देत होते, मी मॉडेल नंबर बघून नको म्हटलं. थोड्या दिवसांचं काम असेल तर नवं भाड्याने मिळतं, मास्क मात्र आपला स्वतःचाच घ्यायचा.

---

भूल_देणारी_नागपूर (४ एप्रिल, रात्री ११:१५)

बाई, मी अ‍ॅनेस्थेशियाची डॉक्टर आहे, बॅरिअ‍ॅट्रिकच्या केसेस करते. तुमची केस बघितलेली नाही त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या शब्दावर माझा शब्द नाही, पण ही अट का घालतात ते सांगायला पाहिजे, कारण बऱ्याचदा पेशंटला फक्त "लावा" सांगतात, कशासाठी ते कुणी बसून सांगत नाही.

झोपेत तुमचा घसा बंद होतो तेव्हा मेंदू घाबरून जागा होतो, घसा उघडतो, तुम्ही परत झोपता, हे तासाला बावन्न वेळा. म्हणजे मेंदूचं ते जागं होणं हाच तुमचा पहारेकरी आहे. भूल दिली की तो पहारेकरी झोपतो. ऑपरेशनच्या वेळी नळी असते, व्हेंटिलेटर असतो, मी डोक्याशी उभी असते, तिथे घाबरायचं कारण नाही. खरी काळजी नंतरची, नळी काढल्यापासून पहिली रात्र आणि त्याच्या पुढच्या एक-दोन रात्री. भुलेचा अंमल थोडा उरलेला, दुखू नये म्हणून औषधं चालू, त्यातली मॉर्फिनच्या जातीची औषधं घसाही सैल करतात आणि श्वासाची घाईही कमी करतात, पोट दुखतं म्हणून माणूस उताणा पडून राहतो. अशा वेळी ज्याला मास्क लावून झोपायची सवय आहे तो मशीन लावून शांत झोपतो. ज्याला सवय नाही तो नेमका त्याच रात्री मास्क फेकून देतो, आणि त्या रात्री मास्क शिकवायला वेळ नसतो. चार आठवडे मागतात ते मुख्यतः या सवयीसाठी, आणि दुसरं म्हणजे रोज रात्री ऑक्सिजन पडायचा थांबला की बीपी आणि हृदयावरचा ताणही थोडा उतरतो.

त्यामुळे अट न घालता लगेच करून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. एएचआय ५२ चा रिपोर्ट हातात असताना घाई करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

टाके सुटण्याची भीती जवळजवळ प्रत्येक पेशंटला असते. पोटाची शिलाई स्टेपलरने होते. ऑपरेशननंतर सीपॅप लावलेल्या रुग्णांवर अभ्यास झालेत, त्यांत शिलाईतून लीक होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तरी पोटात हवा जायचा तुमचा त्रास आत्ताच मिटवून घ्या, नंतर फुगलेलं पोट दुखेल. सर्जनना हे नक्की सांगा.

एक प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारा. रक्तात बायकार्बोनेट बघितलं का? ते २७ च्या वर असेल तर फक्त झोपेत नाही, दिवसाही श्वास उथळ पडत असण्याची शंका येते, मग एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) करतात, आणि कधी सीपॅपऐवजी बायपॅप लागतो. बायपॅपमध्ये श्वास घेतानाचं आणि सोडतानाचं प्रेशर वेगळं असतं.

आणि मशीन लावायची लाज वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा, १९८१ मध्ये सिडनीला डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय जगासमोर मांडला, त्याच्या आधी इतक्या तीव्र आजाराला खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला छेद देऊन नळी बसवणं हाच होता.

---

पनवेलचा_अमोल (५ एप्रिल, सकाळी ९:१०)

ते नवीन वजन कमी करायचं इंजेक्शन आलंय ना, ते घेऊन बघा, ऑपरेशन पण नको आणि मशीन पण नको.

---

भूल_देणारी_नागपूर (५ एप्रिल, दुपारी २:४०)

अमोल, त्या इंजेक्शनला म्हणजे टिर्झेपॅटाइडला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांसाठी मान्यता दिली हे खरं आहे, आणि मार्च २०२५ पासून ते भारतातही मिळतं. पण त्याचा परिणाम यायला महिने लागतात, आणि तेवढे महिने रात्रीचा ऑक्सिजन ७१ वर सोडून द्यायचा का? बाईंनी आपल्या डॉक्टरांशी बोलून निर्णय घेतलाय, मशीन कुठल्याही मार्गात आत्ता लागणारच. आणि बाई, अशी इंजेक्शनं कुणी आधीच चालू करून दिली असतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्या इंजेक्शनांमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो.

---

वस्त्रनगरी_७९ (५ एप्रिल, रात्री ८:००)

जन्मभर लावायचं का हे राहिलंच सांगायचं. माझं वजन १३८ वरनं दीड वर्षात ९२ वर आलं. वजन उतरायला लागल्यावर चार महिन्यांनी मास्क लीक व्हायला लागला, मला वाटलं मशीन बिघडलं, तर गाल उतरले होते, मीडियमचा स्मॉल घ्यावा लागला. मग हवा जास्त वाटायला लागली, डॉक्टरांनी प्रेशर १४ वरनं ८ वर आणलं. पण मी माझ्या मनानं बंद केलं नाही, कारण घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला असं नसतं हे त्यांनी बजावून सांगितलं होतं. वर्षानं परत स्लीप स्टडी केली, एएचआय ९ आला, तेव्हा डॉक्टरांनी मशीन सोडवलं आणि कुशीवर झोपायला सांगितलं. माझ्याच बरोबर ऑपरेशन झालेल्या एकाचा वजन उतरूनही २२ राहिला, तो अजून लावतो, पण कमी प्रेशरवर. म्हणजे कुणाचं काय होईल ते परत तपासल्याशिवाय कळत नाही.

---

कोरेगावच्या_बाई (२६ एप्रिल, सकाळी ७:०५)

सगळ्यांना सांगायला आलेय. मुद्दाम थांबले होते, काहीतरी हातात येऊ दे म्हटलं.

सात तारखेला कार्ड घेऊन पुण्याला गेले. टेक्निशियन दादांनी लिहिलं होतं ते वाक्य न वाक्य कागदावर लिहून नेलं होतं. डॉक्टरांनी रेंज ८ ते १४ केली, रॅम्प लावून दिला. नेझल मास्क मागितला, तीन वेगवेगळे साईज तिथेच झोपून लावून बघितले, स्मॉल बसला. मला आधी लार्ज दिला होता! बायकार्बोनेट २५ आलं, ठीक आहे म्हणाले.

पहिले चार दिवस फक्त संध्याकाळी, पेपर तपासताना लावून बसले. आमच्या सासूबाई पण शेजारी येऊन बसायच्या, त्यांनी एक दिवस मास्क स्वतःच्या नाकाला धरून बघितला आणि म्हणाल्या, गार वारा येतोय की गं चांगला. त्यानंतर घरात कुणी काही बोललं नाही. जाऊबाई पण नाही.

पंधरा तारखेच्या रात्री पहिल्यांदा असं झालं की जाग आली आणि बाहेर उजेड होता. मला कळेचना काय झालंय. मास्क नाकावरच होता. रात्रीत तीनदा बाथरूमला उठायची मी, त्या रात्री एकदाही नाही. आणि सकाळी डोकं जे रोज बांधल्यासारखं असायचं ते नव्हतं, मी अंथरुणात तशीच बसून राहिले, हे म्हणाले चहा टाकू का, आणि मला रडू आलं. किती वर्षं मी त्या डोक्याला माझा स्वभाव समजत होते.

आता सरासरी ५ तास २० मिनिटं आहे, एएचआय मशीनवर ४ च्या आसपास दाखवतंय. दोन रात्री मध्ये परत निघाला होता, एकदा सर्दी होती, एकदा लाईट गेली. वहिनी, तुम्ही म्हणालात तसं गुदमरले नाही, जागी झाले आणि तोंडाने श्वास घेतला. इन्व्हर्टर बघायला गेलो तर दुकानदार दुसराच देत होता, ह्यांनी हट्टाने साईन वेव्ह मागितला. आणि माझ्या नळीला पण कव्हर शिवलंय, निळ्या इरकलीचं.

डॉक्टर मॅडम, तुमचं पहारेकऱ्याचं मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर मास्क लावायचा राहिला तर हेच आठवण करतात.

१२ मेची तारीख मिळालीय. अठ्ठावीसपासून दोन आठवडे ऑपरेशनच्या आधीचं लिक्विड डाएट, लिव्हर आक्रसायला म्हणून. हॉस्पिटलने सांगितलंय स्वतःचं मशीन घेऊन या. अजून काय न्यायचं ते कुणी सांगाल का?

---

वस्त्रनगरी_७९ (२६ एप्रिल, सकाळी ७:५०)

ताई, लई आनंद झाला वाचून. मशीन, मास्क, अ‍ॅडॅप्टर, पाण्याची टाकी रिकामी करून, आणि लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड, कारण बेडजवळचा प्लग मॉनिटरनं धरलेला असतो. मशीनवर आणि मास्कच्या पिशवीवर तुमचं नाव आणि वॉर्ड लिहून चिकटपट्टी लावा. प्रेशर सेटिंगचा कागद पिशवीतच ठेवा. आणि मशीन वॉर्डात ठेवून थिएटरला जाऊ नका, बरोबर न्यायला सांगा सिस्टरना, बाहेर आल्यावर रिकव्हरीत लगेच लागतं.